पोलीस की आर्मी? अमेरिकेच्या पोलिसांकडे लष्करी रायफल आली कुठून, आणि तिच्यावर काय काय लावलेलं असतं?

अमेरिकेतल्या पोलिसांचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. गाडीचं दार उघडतं, पोलीस बाहेर येतो आणि त्याच्या छातीवर काळी रायफल लटकत असते. खाली कमेंट ठरलेली, "हे पोलीस आहेत की आर्मी?"

प्रश्न रास्त आहे. कारण ती रायफल दिसते लष्करासारखी, तिचं घराणंही लष्करी एम-16 चंच आहे. मग ट्रॅफिकचं चलान फाडणाऱ्या पोलिसाच्या गाडीत ती पोचली कशी?

44 मिनिटांनी सगळं बदललं

तारीख 28 फेब्रुवारी 1997. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात बँक ऑफ अमेरिकाच्या शाखेवर दोघांनी दरोडा टाकला. दोघांच्या अंगावर बुलेटप्रूफ कवच होतं आणि हातात फुल ऑटोमॅटिक करून घेतलेल्या रायफली.

पोलीस लगेच पोचले, पण त्यांच्याकडे होती 9 एमएमची पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर आणि शॉटगन. दरोडेखोरांना गोळ्या लागत होत्या, पण कवच भेदत नव्हत्या. वेळ अशी आली की काही पोलीस जवळच्या बंदुकीच्या दुकानात धावले आणि तिथून रायफली मागून आणल्या. तोवर पोलिसांची विशेष तुकडी, म्हणजे स्वाट, स्वतःच्या रायफली घेऊन पोचली.

सुमारे 44 मिनिटं चाललेल्या या गोळीबारात दोन्ही दरोडेखोर मेले. पोलीस आणि नागरिक मिळून 20 च्या आसपास लोक जखमी झाले, पण त्यांच्यातलं कोणी दगावलं नाही. सगळं टीव्हीवर लाईव्ह दिसत होतं. त्यानंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने लॉस एंजेलिस पोलिसांना 600 जुन्या एम-16 रायफली दिल्या.

दोन वर्षांनी, 20 एप्रिल 1999 ला कोलंबाईन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला. पोलिसांनी शाळेला वेढा घातला आणि स्वाटची वाट पाहिली. आत 12 विद्यार्थी आणि 1 शिक्षक मारले गेले. यातून नवा धडा निघाला : स्वाटसाठी थांबायचं नाही, पहिल्यांदा पोचलेल्या पोलिसाने आत जायचं. आणि त्याने आत जायचं, तर त्याच्याकडेही रायफल हवी. यातून 'पेट्रोल रायफल' ही गोष्ट देशभर पसरली. इथे पेट्रोल म्हणजे गस्त, इंधन नव्हे!

पिस्तूल आणि रायफलमध्ये नेमका फरक काय?

9 एमएम पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण 350 ते 400 मीटर वेगाने निघते. एआर-15 सारख्या रायफलची 5.56 एमएमची गोळी वजनाने हलकी असते, पण तिचा वेग सेकंदाला 900 मीटरच्या आसपास असतो. पोलीस शर्टाखाली घालतात ते मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवतं, रायफलची अडवू शकत नाही.

दुसरा फायदा नेमाचा. रायफल खांद्याला टेकते, दोन्ही हातांनी धरता येते, त्यामुळे 50 मीटरवरही नेम धरणं सोपं जातं. पिस्तुलाने तेवढ्या अंतरावर, तेही जीव मुठीत धरून, नेम साधणं महाकठीण. म्हणजे रायफल नीट वापरली तर चुकलेल्या गोळ्या कमी. पण जी चुकली, ती कितीतरी लांब जाते. आणि पोलिसांच्या मागेपुढे रणांगण नसतं, लोकांची घरं असतात.

रायफलवर काय काय लावतात, आणि का?

खरा फरक इथे कळतो. रायफल तीच असली तरी सैनिकाचं आणि पोलिसाचं काम वेगळं आहे.

*सेमी-ऑटोमॅटिक :* समोरच्याने डोकं वर काढू नये म्हणून सैनिक नुसताच गोळ्यांचा मारा करू शकतो. पोलिसाला ती मुभा नाही. प्रत्येक गोळीचा हिशोब द्यावा लागतो. म्हणून गस्तीच्या रायफली बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक असतात, एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी.

*छोटी नळी :* मूळ एम-16 ची नळी 20 इंची. पोलिसांकडे सहसा 16 इंच किंवा त्याहून छोटी. गाडीतून उतरताना, जिन्यात, शाळेच्या कॉरिडॉरमध्ये लांब नळी आडवी येते.

*रेड डॉट :* काचेत दिसणारा लाल ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, त्यामुळे आजूबाजूला कोण आहे तेही दिसत राहतं. पण ही काच नळीच्या साधारण अडीच इंच वर बसते. त्यामुळे अगदी जवळून झाडलेली गोळी ठिपक्याच्या थोडी खाली लागते. समोर कुणी ओलीस असेल, तर हे अंतर जीवघेणं ठरू शकतं. ते सरावानेच अंगवळणी पडतं.

*टॉर्च :* अंधारात समोरच्याच्या हातात बंदूक आहे की मोबाईल, हे ओळखायला. गंमत अशी की रायफलवरच्या टॉर्चने पाहायचं, तर रायफलही त्याच माणसावर रोखली जाते. म्हणून नुसतं शोधायला वेगळी हातातली टॉर्च लागतेच.

*स्लिंग :* म्हणजे पट्टा. दिसायला सगळ्यात साधा. पण पोलिसाला शेवटी बेड्या घालायच्या असतात, जखमीला उचलायचं असतं. पट्टा नसेल, तर त्या वेळी भरलेली रायफल ठेवायची कुठे?

मग वाद कशाचा?

वाद आहे 1033 प्रोग्रामचा. लष्कराकडचं जास्तीचं सामान पोलिसांना देणारी ही योजना. आतापर्यंत 7 अब्ज डॉलरहून जास्त किमतीचं सामान यातून वाटलं गेलंय. त्यात ब्लँकेटं आणि जनरेटर आहेत, तशा रायफली आणि चिलखती गाड्याही.

लॉस एंजेलिसच्या शाळांसाठी असलेल्या पोलीस दलाला यातून 61 एम-16 रायफली, एक चिलखती गाडी आणि चक्क 3 ग्रेनेड लाँचर मिळाले होते. टीका झाल्यावर 2014 मध्ये लाँचर परत केले. 2017 मध्ये तर सरकारच्याच लेखापरीक्षकांनी एक खोटं पोलीस खातं कागदावर उभं केलं आणि 12 लाख डॉलरचं सामान मिळवून दाखवलं.

ऑगस्ट 2014 मध्ये फर्ग्युसनमध्ये निदर्शकांवर रायफली रोखलेल्या पोलिसांचे फोटो जगभर गेले. 2015 मध्ये ओबामांनी योजनेवर बंधनं आणली, 2017 मध्ये ट्रम्प यांनी ती उठवली.

रायफल होती, तरीही...

24 मे 2022, टेक्सासमधलं युवाल्डी. शाळेत बंदूकधारी शिरला. पोलीस काही मिनिटांत कॉरिडॉरमध्ये होते, काहींकडे रायफलीही होत्या. हळूहळू एकूण 376 पोलीस आणि इतर सुरक्षा कर्मचारी जमले. पण वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या.

नॉर्थ हॉलिवूडमध्ये धाडस होतं, हत्यार नव्हतं. युवाल्डीत हत्यार होतं, पण आदेश कुणी द्यायचा आणि आत कोणी जायचं, हेच ठरलं नाही.

आपल्याकडे 26/11 ला मुंबई पोलिसांवरही नॉर्थ हॉलिवूडसारखीच वेळ आली होती. समोर एके रायफली, आणि अनेक पोलिसांच्या हातात जुन्या .303 रायफली नाहीतर लाठ्या. कसाबला धरताना तुकाराम ओंबळेंच्या हातात लाठीच होती. त्यानंतर महाराष्ट्राने वेगळा मार्ग घेतला. रायफल प्रत्येक गस्तीच्या गाडीत देण्याऐवजी फोर्स वन हे खास दल उभं केलं.

दोन्ही मार्गांत एक प्रश्न उरतोच. हल्ला झाल्यावर पहिला पोचणारा असतो तो साधा गस्तीवरचा पोलीस. त्याच्या हातात काय आहे, हे फोटोत दिसतं. त्याने शेवटचा सराव कधी केला आणि चुकल्यावर जाब कोण विचारणार, हे दिसत नाही. पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला, की रायफलीसोबत हेही विचारायला हवं.