कैच्या उभ्या राहतात कशा?

अमेरिकेत दुपाखी छपराचं लाकडी घर बांधताना एक टप्पा असा येतो, की भिंती तयार असतात, क्रेननं उचललेल्या कैच्या, म्हणजे छपराला पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटी, त्यांवर ओळीनं बसू लागतात, पण वरचं प्लायवुड अजून ठोकायचं असतं. घराच्या उभ्या आयुष्यात छप्पर इतकं दुबळं पुन्हा कधीच नसतं. त्या काही तासांत त्याला सावरून धरतात त्या साध्या लाकडी पट्ट्या आणि त्या ठोकणारे सुतार.

या कैच्या कारखान्यातून येतात. १९५२ साली फ्लोरिडातल्या पोंपानो बीचमध्ये ए. कॅरोल सॅनफर्ड यांनी सांध्यावर ठोकायची दातेरी लोखंडी पट्टी शोधून काढली. त्यामुळे बारीक लाकडांपासून मोठ्या लांबीची कैची कारखान्यात झटपट जुळवता येऊ लागली. अशी कैची उभ्या भाराला खंबीर असते, कारण तिच्या पोटातले त्रिकोण वजन वाटून घेत भिंतींवर सोडतात. पण लांबी ३० फूट असली, तरी तिची जाडी अवघी दीड इंच. बाजूनं वारा लागला किंवा कुणाचा धक्का बसला, तर ती सहज कलंडते. शिवाय वरच्या तिरप्या दांड्यांवर दाब असतो, आणि दाबाखालचं बारीक लाकूड मिळेल त्या बाजूला वाकू पाहतं.

म्हणून सगळी भिस्त पहिल्या कैचीवर असते. ती ओळंब्यात उभी करून तिला जमिनीत पक्क्या रोवलेल्या टेकूंनी किंवा घराच्या आतून भक्कम आधार देतात. पुढची प्रत्येक कैची क्रेनच्या दोरातून सुटण्याआधी आडव्या पट्टीनं मागच्या कैचीला जोडायची. अमेरिकी कैची-उद्योगाच्या ‘बीसीएसआय’ या मार्गदर्शिकेनुसार, ३० फुटांपर्यंतच्या कैच्यांसाठी वरच्या दांड्यांवर या पट्ट्या जास्तीत जास्त १० फुटांवर हव्यात. ४५ ते ६० फुटांच्या कैच्यांसाठी हेच अंतर ६ फुटांवर येतं.

घात होतो तो इथेच. आडव्या पट्ट्या ठोकल्या की अंतरं जुळतात, रांग देखणी दिसते आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण या पट्ट्या कैच्यांना फक्त एकमेकींशी बांधतात. एक कलली की सगळ्या तितक्याच कलतात, आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी अख्खी रांग खाली येते. कलणं थांबवते ती तिरपी पट्टी. ती आडव्या पट्ट्यांच्या चौकटीत त्रिकोण तयार करते, आणि त्रिकोणाची बाजू तुटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. पहिल्या पाच कैच्या बसल्या की तिथेच थांबून तिरपे आधार ठोकावेत आणि मगच सहावी उचलावी, असं ही मार्गदर्शिका सांगते. हे आधार पुरे होईपर्यंत कैच्यांवर प्लायवुडचे गठ्ठेही ठेवायचे नाहीत.

प्लायवुड चढत जातं तशा वरच्या तात्पुरत्या पट्ट्या निघतात, कारण आता दांड्यांना तेच धरून ठेवतं. पण आतले काही तिरपे आधार कायमचे राहावे लागतात, विशेषतः टोकाच्या त्रिकोणी भिंतीला मागून धरणारे. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. नंतरच्या पाहणीत अशा कितीतरी त्रिकोणी भिंती कोसळलेल्या आढळल्या. त्यांना पाठीमागून पुरेसा आधारच नव्हता. प्लायवुड उडालं, तशा मागच्या कैच्याही एकापाठोपाठ एक आडव्या झाल्या.

आपल्याकडे शाळेची किंवा गोदामाची शेड उभारताना कैच्या लोखंडी असतात, पण नियम हाच. नकाशात दिसतं ते पूर्ण झालेलं घर, आणि हिशेबही बहुधा त्याचाच होतो. प्रत्यक्षात मात्र वारा अर्धवट घरालाही गाठतो. म्हणून कामगार संध्याकाळी खाली उतरतील, तेव्हा त्या दिवसापर्यंत जेवढं उभं राहिलं असेल, तेवढं रात्रीचा वारा सोसण्याइतकं पक्कं हवं. त्यासाठी लागणारा तास आणि लाकूड कंत्राटातच धरलेलं असावं, आणि आधार पुरे नाहीत म्हणून पुढची कैची थांबवणाऱ्या सुताराच्या शब्दाला मान असावा. वर चढलेल्या माणसांचा जीव त्या शब्दावर अवलंबून असतो.