घरतपासणी : नोंदवही आणि धूर
इंग्लंडमध्ये १८९४च्या कायद्याने शहरी भागांचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या अर्बन डिस्ट्रिक्ट परिषदा आल्या. घरांच्या तपासणीला पक्की शिस्त लागली ती मात्र १९०९च्या गृहनिर्माण व नगररचना कायद्याने. काय पाहायचे ते १९१०च्या नियमांनी ठरवून दिले : पाणी दूषित होते का, शौचकूप, सांडपाणी, उजेड, हवा, ओल, अंगणाची फरसबंदी, कचरा. गटारात धूर सोडून बघत; तो स्वयंपाकघरातून निघाला, की नळ फुटका. रस्त्यापेक्षा तीन फुटांहून खोल असलेल्या झोपायच्या खोल्यांवर खास नजर असे. राहण्यास अयोग्य घर बंद करण्याचा हुकूम निघू शके. पण मग तिथे राहणाऱ्या गरीब कुटुंबाने जायचे कुठे? पर्यायी घरे अपुरी असल्याने अनेक आरोग्याधिकारी अशा हुकमाची शिफारस करायला कचरत आणि डागडुजीवरच भागवत.