देवचाफा आणि दगडांची बाग

तानसेच्या खोऱ्यातील गणेशपुरीसारख्या क्षेत्री देवचाफा इतका शोभून दिसतो, की तो पुराणकाळापासून आपल्याच मातीतला असावा याविषयी कोणी शंकाही घेत नाही. वस्तुतः संस्कृत कवींचा चंपक म्हणजे सोनचाफा. देवचाफ्याची मायभूमी मेक्सिको व मध्य अमेरिका. ही वंशावळ नुसत्या पांडित्याची बाब नव्हे, कारण वर्षाचा मोठा भाग कोरडा जाणाऱ्या उष्ण मुलखातून हे झाड आले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच्या लागवडीविषयीचे बहुतेक भ्रम आपोआप फिटतात.

मार्गशीर्ष-पौषात पाने झडून बोथट फांद्या तेवढ्या उरल्या, की झाड वाळले असे समजून यजमान एकतर घागरी रिचवू लागतो, नाहीतर कुऱ्हाडीची तजवीज करतो. दोन्ही अनाठायी. मांसल फांद्यांत पाणी राखून झाड विश्रांती घेत असते, आणि फाल्गुन-चैत्रात पुष्कळदा पालवीच्याही आधी फांद्यांच्या टोकांवर गुच्छ उमलतात. ऐन बहराच्या तोंडावर शेंडे छाटणाऱ्याने मात्र फुलांची आशा सोडावी. दगडांच्या बागेत माती थोडी म्हणून झाड उपाशी राहील, ही भीतीही निराधार. युरियाची खैरात केली, तर पाने फोफावतात आणि फुले रुसतात.

खरे संकट उन्हाचे नसून पावसाचे आहे. चार महिने कोसळणाऱ्या कोकणी पर्जन्यात साचलेल्या पाण्याने मुळे व खोड कुजते. सबब काळ्या दगडांची रचना उतरती ठेवून सांध्यांत खडी, वाळू नि बेताची माती भरावी. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर दिसणारी नारिंगी भुकटी हा तांबेरा. तशी पाने वेचून दूर टाकावीत, झाड सहसा दगावत नाही.

एवढ्या सुगंधी फुलांत मध असणारच, असा ग्रह होतो. रात्री दरवळ वाढतो, लांब सोंडेचे पतंग येतात, पण मधाचा थेंबही तेथे नसतो. ही चक्क फसवणूक आहे, आणि मला तरी ती मोठी रंजक वाटते. शेंगा क्वचितच धरतात, म्हणून बागवानाची भिस्त फांदीवर. ती तोडताच पावसाच्या भरवशावर खोचणे हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज होय: हातभर फांदी पावसाळ्यापूर्वीच कापून, चीक डोळ्यांत जाणार नाही अशी खबरदारी घेऊन, जखम सुकेतो आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी, मग रेताड मातीत चार-पाच बोटे रोवावी, आणि पाने फुटेपर्यंत पाणी हात राखूनच घालावे.