जीपचें थरथरणारें सुकाणूं

जीप रँग्लर या गाडीचीं पुढचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसाला जोडलेलीं असतात. २०२१ सालीं पुण्याजवळ रांजणगांव येथें तिची जुळणी सुरू झाली. हौशी मंडळी दगडधोंड्यांतून जातां यावें म्हणून उंच स्प्रिंगा बसवून ती दोनतीन इंच वर उचलतात व मोठे टायर चढवितात. मग एखादे दिवशीं ताशीं सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगांत खड्डा लागतो आणि स्टिअरिंग हातांत असे हिसके मारूं लागतें कीं, गाडी मोडते कीं काय असें वाटावें. अमेरिकेंत यास 'मृत्यूचा थरकांप' अशा अर्थाचें नांव आहे. नांव भडक खरें. पण तो अनुभवलेला मनुष्य त्यास हंसत नाहीं.

येथें दोन थरथरी वेगळ्या ओळखाव्या. ठराविक वेगास येणारी व वेग बदलतांच जाणारी बारीक थरथर बहुधा चाकाच्या असमतोलाची असते. ती तोल साधून जाते. खड्ड्यानें सुरू होऊन गाडी मंदावेपर्यंत न थांबणारी, ती दुसरी.

तिचें मूळ भोवऱ्यांत आहे. फिरता भोवरा कलविला कीं भलत्याच दिशेस वळूं पाहतो. चाक हाही एक भोवराच. एक चाक उसळलें कीं सबंध आंस कलतो, दोन्ही चाकें वळूं पाहतात, आणि त्या वळण्यानें आंस पुन्हां हलतो. सांधे घट्ट असतील तर हा झोंका तेथेंच जिरतो. ढिले असतील तर गाडीच्या गतींतूनच त्यास बळ मिळत जातें. १९२० नंतरच्या दशकांत कमी हवेचे फुगीर टायर व पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तेव्हां मोटार बनविणारे या व्याधीनें हैराण झाले होते. पुढें अनेक मोटारींतून अखंड आंस गेला, त्याचें हें एक कारण.

पहिला संशय ट्रॅक बारवर घ्यावा. आंस आडवा सरकूं नये म्हणून तो चौकटीशीं बांधणारा हा दांडा. गाडी उचलली कीं तो अधिक तिरपा होतो, बोल्ट व बुश यांवर ताण येतो, बोल्टचें भोंक लांबट होतें. तपासतांना गाडी जॅकवर नको, जमिनीवरच हवी. हातब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे. एकानें इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडें डावें-उजवें हलवावें, दुसऱ्यानें बाजूनें पाहावें. सांध्यांत केसभरही हालचाल दिसली तर चोर सांपडला. टाय रॉड व बॉल जॉइंट यांचीही झीज मिस्त्रीकडून पाहून घ्यावी.

दुसरी गोष्ट कॅस्टरची. सायकलचा पुढचा चिमटा मागें कललेला असतो, म्हणून चाक सरळ धांवतें. जीप उचलल्यानें आंस किंचित् फिरतो व हा कल घटतो. तो यंत्रावर मोजून, लांबी बदलतां येणारे खालचे दांडे बसवून पूर्ववत् करावा.

नवा स्टिअरिंग डॅम्पर मात्र आधीं विकत घेऊं नये. तो हिसका गिळतो, दोष काढीत नाहीं. आणि दोष झांकला असतां सांधा झिजतच राहतो.

वाटेंत थरकांप सुटलाच तर स्टिअरिंग घट्ट धरावें, पण अंगठे आऱ्यांत अडकवूं नयेत. अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, ब्रेक हलकेच लावावा, आणि कडेस थांबून तेथून अगदीं सावकाश मिस्त्रीकडे जावें.