श्रेयांक हस्तांतरण आणि नियोक्त्याची शुल्कप्रतिपूर्ती : अर्धवट पदवीच्या पूर्ततेचा अमेरिकी मार्ग

अमेरिकेत महाविद्यालयात प्रवेश घेऊन पदवीविना बाहेर पडलेल्या प्रौढांची संख्या साडेतीन कोटींहून अधिक आहे. यांतील अनेक जण नोकरी सांभाळून ऑनलाइन पद्धतीने उरलेली पदवी पूर्ण करू पाहतात. त्यांना दोन आधार असतात : पूर्वी मिळविलेले श्रेयांक आणि नियोक्त्याकडून मिळणारी शुल्काची परतफेड. हे दोन आधार परस्परांशी कसे निगडित आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तेथील पदवीसाठी साधारणतः १२० सत्र-श्रेयांक लागतात. त्यांपैकी काही, बहुधा ३० च्या आसपास, पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात; उरलेले अन्य संस्थांतून, १९६७ पासून चालत आलेल्या 'क्लेप' परीक्षांतून किंवा लष्करी प्रशिक्षणातून आणता येतात. न्यू जर्सीतील थॉमस एडिसन विद्यापीठासारख्या संस्था १९७० च्या दशकात याच हेतूने स्थापन झाल्या.

मात्र श्रेयांक 'स्वीकारला जाणे' आणि तो पदवीच्या 'उपयोगी पडणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि खरी अडचण येथेच उद्भवते. नवी संस्था जुना अभ्यासक्रम मान्य करते, परंतु त्याची नोंद मुख्य विषयाखाली न करता ऐच्छिक म्हणून करते. ऐच्छिकांचा कोटा आधीच भरलेला असल्यास तो श्रेयांक केवळ कागदावर राहतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. म्हणून प्रवेशापूर्वीच लेखी श्रेयांक-मूल्यांकन मागून घेणे ही या मार्गावरील पहिली आणि, आमच्या मते, सर्वांत महत्त्वाची पायरी होय. दुर्दैवाने काही संस्था ते प्रवेश निश्चित झाल्यावरच देतात.

आता पैशाचा भाग. अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम १२७ नुसार नियोक्त्याने दिलेले शैक्षणिक साहाय्य वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. ही मर्यादा १९८६ पासून तशीच राहिली. महागाईनुसार ती वाढविण्याची तरतूद २०२५ च्या कायद्याने केली असून ती २०२६ नंतरच्या वर्षांना लागू होते. बहुतेक योजनांत कर्मचारी आधी स्वतः शुल्क भरतो आणि ठरावीक श्रेणी मिळाल्यावर रक्कम परत मिळवतो. पुढे ठरावीक काळ नोकरी न केल्यास ती परत करण्याची अटही कित्येकदा असते. अल्प वेतनावरील माणसाला हे 'आधी भरा, मग घ्या' सोपे नसते.

हिशेब मांडून पाहू. समजा, एकाजवळ ७२ जुने श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकाचे शुल्क ३५० डॉलर आहे. ५,२५० डॉलरमध्ये वर्षाला १५ श्रेयांक होतात. सर्व ७२ उपयोगी पडले, तर उरलेले ४८ श्रेयांक (१६,८०० डॉलर) तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात पूर्ण होतील. त्यांतले १२ वाया गेले, तर ६० श्रेयांकांसाठी २१,००० डॉलर व पूर्ण चार वर्षे लागतील. म्हणजे परतफेडीची रक्कम नव्या ज्ञानाऐवजी जुन्याच अभ्यासाच्या पुनरावृत्तीवर खर्च होते. करमर्यादा कॅलेंडर वर्षाची असल्याने डिसेंबरचे शुल्क जानेवारीत भरण्याची सोय असेल, तर तीही पाहावी.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे विनियम केले. त्यांत पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के श्रेयांक मिळविण्याची अट आहे, तर साठविलेल्या श्रेयांकांची कमाल मुदत सात वर्षे ठेवली आहे. पस्तिशीत पुन्हा अभ्यासाकडे वळणाऱ्या कर्मचाऱ्याला ही मुदत अपुरी वाटेल. शिवाय खात्यात जमा असलेला श्रेयांक कोणत्या विषयाखाली धरायचा, हा प्रश्न शेवटी आपल्या अभ्यासमंडळांपुढेच येणार आहे. त्याचे निकष अभ्यासमंडळांनी प्रवेशापूर्वी लेखी जाहीर करावेत.