कादंबरी? सोमवारपासून नक्की!

तुमच्या लॅपटॉपवर ‘फायनल’ नावाची एखादी फाइल आहे का, जिच्यात काहीच फायनल नाही? माझ्याकडे आहे. ‘कादंबरी फायनल ३’. आत साडेतीन पानं. वय चार वर्षं.

बॉसला दर शुक्रवारी वेळेत रिपोर्ट देणारा मी, स्वतःचं काम म्हटलं की जाम ढेपाळतो. शेवटी ठरवलं, दोष पुण्याचा. ट्रॅफिक, मीटिंगा, फोन... असल्या शहरात कोण लिहिणार? दहा दिवसांची रजा टाकली, महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया गाठलं आणि तिथून पॅसेंजरने दरेकसा. सालेकसा तालुक्यातलं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं जंगलातलं छोटंसं स्टेशन. बाबांनी सत्तरच्या दशकात इथे रेल्वेत नोकरी केली आणि माझी कादंबरी त्याच स्टेशनाची. बाबांच्या ओळखीतल्या एका काकूंकडे राहायची सोय झाली. आता फक्त लिहायचं!

पहिल्या दिवशी फॉन्ट बदलला. दुसऱ्या दिवशी ‘वातावरण अनुभवायला’ हाजरा फॉलवर गेलो. सॉलिड जागा! तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कारण पहिल्यांदा नोट्स काढायच्या राहिल्या होत्या. चौथ्या दिवशी कचारगडच्या गुहा. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेला इथे इतर राज्यांतूनही लोक येतात. माझ्या कादंबरीत गुहा नाही. तरी चढलो.

मग रिसर्च. टाळाटाळीचा हा सगळ्यात सभ्य प्रकार, कारण त्यात आपण काम करतोय असं मनापासून वाटतं. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छत्तीसगड मीटर गेज लाइन ताब्यात घेऊन ती ब्रॉड गेज केली, हे मला आता पाठ आहे. माझी गोष्ट १९७४ मध्ये घडते.

रात्री जेवताना काकू विचारायच्या, “काऊन गा, आज बी नाही लिवलं?”

अशा वेळी मी मनातल्या मनात नेमाड्यांना साक्षीला बोलवायचो. ‘झूल’ १९७९ची आणि ‘हिंदू’ आली थेट २०१० मध्ये. एकतीस वर्षं, बोला! याच नेमाड्यांनी १९६३ मध्ये, पंचविशीत, ‘कोसला’ काही आठवड्यांत लिहून काढली होती, हे मी सोयीस्करपणे विसरायचो. शिवाय मधल्या काळात ते काही फॉन्ट बदलत बसले नव्हते. ‘टीकास्वयंवर’ला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो याच काळात.

फुशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं, की टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याचा प्रश्न जास्त आहे. कामाच्या विचाराने अस्वस्थ वाटतं, ते पुढे ढकललं की लगेच बरं वाटतं. बिल उद्याच्या ‘आपल्या’ नावावर फाडायचं, हा सगळा फंडा.

माझी अस्वस्थता म्हणजे बाबा. वर्षभरापासून ते विसरायला लागलेत. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग माणसांची नावं. मी लिहीत नाही तोवर त्यांना विचारायला भरपूर वेळ आहे असं वाटत राहतं. लिहायला बसलं की किती विचारायचं राहिलंय ते दिसतं. मग धबधबा बरा.

सातव्या रात्री मालगाडी गेली, घराची भांडी थरथरली. झोप येईना. बाबांना फोन लावला.

“बाबा, रात्री सिग्नलचा दिवा विझला तर काय करायचात?”

“रॉकेलचा डबा घेऊन लॅम्पमन जायचा. खांबावर चढायचा. खाली अस्वल आलं तर वरच बसून राहायचा,” आणि हसले. “एकदा तर पहाटेपर्यंत बसला होता तो... तो रे...”

नाव आठवेना. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग म्हणाले, “तू लिही. आठवलं की सांगतो.”

त्या रात्री दीड पान झालं. नावाची जागा मोकळी ठेवली.

पुण्यात आल्यापासून रोज साडेनऊला फोन करतो. ऑफिसातून निघायला उशीर झाला तर कॅबमधूनच. परवा त्यांनी लॅम्पमनचं नाव सांगितलं. काल वेगळंच सांगितलं. दोन्ही लिहून ठेवलीत.