स्कंधावाराचें नगर : जर्मनींतील अमेरिकन लष्करी वसाहतींचें नागरी रूपांतर

प्राचीन ताम्रपटांच्या वाचनाची ज्यांस संवय आहे त्यांस 'विजयस्कंधावारात्' हें पद परिचित आहे. राजा ज्या तळावर असेल तेथूनच दानशासन निघे आणि त्यामुळें त्या तळाचें नांव आपणांस कळतें. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणाच्या आरंभींच स्कंधावाराची आंखणी सांगितली आहे. परंतु सैन्य निघून गेल्यावर त्या आंखलेल्या भूमीचें पुढें काय होतें, हा प्रश्न इतिहासांत वारंवार उद्भवतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ पडला. त्या तळाचेंच शहर झालें आणि त्यास आजही 'लष्कर' असेंच म्हणतात. जर्मनींतील ऑग्सबुर्ग शहराचें मूळही रोमन सैन्याच्या तळांत आहे. याच जातीचें एक उदाहरण जर्मनींत आपल्या काळांत घडत आहे. संशोधनाच्या पद्धतीच्या दृष्टीनें तें बोधप्रद वाटल्यावरून प्रस्तुत लेखांत त्याची हकीकत देत आहों.

दुसरें महायुद्ध १९४५ मध्यें संपलें आणि दक्षिण जर्मनीचा मोठा भाग अमेरिकन सैन्याच्या ताब्यांत आला. आरंभीं सैन्यानें जर्मन कुटुंबांचीं घरें सक्तीनें घेऊन तेथें आपले लोक ठेविले. १९४६ पासून सैनिकांचीं बायकामुलें येऊं लागलीं, तेव्हां ही व्यवस्था अपुरी पडली; आणि मुख्यत्वें १९५० नंतरच्या दशकांत स्वतंत्र वसाहती बांधण्यांत आल्या. त्यांचा नमुना बहुतेक ठराविक असे : तीन मजल्यांच्या लांबट इमारती, प्रत्येकीस अनेक जिने, खालीं तळघर व वर माळा, इमारतींच्या मध्यें कुंपणावांचून मोकळी हिरवळ, आणि हाकेच्या अंतरावर शाळा, प्रार्थनामंदिर, चित्रपटगृह व दुकान.

शीतयुद्धाच्या अखेरीस पश्चिम जर्मनींत दोन लक्षांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. त्यांचें निर्गमन दोन टप्प्यांनीं झालें. पहिल्या टप्प्यांत म्यूनिक १९९२ मध्यें, बर्लिन १९९४ मध्यें, फ्रँकफुर्ट १९९५ मध्यें आणि ऑग्सबुर्ग १९९८ मध्यें रिकामें झालें. दुसरा टप्पा २००४ मध्यें जाहीर झालेल्या फेररचनेपासूनचा. त्यांत डार्मस्टाट व हानाउ येथील तळ २००८ मध्यें सुटले, हायडेलबर्ग येथील मुख्य ठाणें २०१३ मध्यें वीसबाडेनास गेलें, व बांबेर्ग २०१४ मध्यें मोकळें झालें.

या संबंधांत एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. अमेरिकेनें आपल्या वसाहती जातांना जर्मनांस देऊन टाकिल्या असें सामान्यतः समजतात. वस्तुतः ही भूमि अमेरिकेच्या मालकीची झालीच नव्हती. सैन्याकडे होता तो उपभोगाचा हक्क. आणि आरंभींच्या बांधकामाचा बराच खर्चही ताबा-सैन्याचा खर्च म्हणून जर्मन खजिन्यांतूनच झाला. आपल्याकडील सनदांच्या भाषेंत बोलावयाचें तर हें इनाम नव्हे, सेवेपुरती दिलेली जागा होय. सेवा संपतांच जागा मूळ धन्याकडे, म्हणजे जर्मन संघराज्याकडे, परत गेली. २००५ पासून अशा मिळकतींची व्यवस्था पाहण्यासाठीं संघराज्याची एक स्वतंत्र संस्था आहे. मात्र त्या भूमीवर काय बांधावें हें ठरविण्याचा अधिकार नगराचा आहे. एकाकडे स्वामित्व व दुसऱ्याकडे आंखणी अशी ही वांटणी असल्यामुळें किंमतीविषयीं वाटाघाटी वर्षानुवर्षें चालत. २०१२ मध्यें संसदेच्या अर्थसंकल्प समितीनें नगरांस लिलावावांचून, ठरविलेल्या मूल्यानें, प्रथम खरेदीची मुभा दिली. त्यानंतर पुष्कळ व्यवहार सुलभ झाले.

आतां प्रत्यक्ष उदाहरणें पाहूं. मानहाइम येथील 'बेंजामिन फ्रँकलिन व्हिलेज' ही जर्मनींतील अशा वसाहतींत सर्वांत मोठी होती. लगतच्या बराकींसह सुमारें १४४ हेक्टर भूमीवर आतां 'फ्रँकलिन' नांवाचा नगरविभाग होत असून तेथें सुमारें दहा हजार लोकांच्या वस्तीची योजना आहे. कांहीं जुन्या इमारती राखून सुधारल्या, कांहीं पाडल्या. नव्या आंखणींत चार उंच इमारती अशा योजिल्या कीं त्या एच, ओ, एम व ई या चार इंग्रजी अक्षरांच्या आकाराच्या दिसाव्या, आणि त्यांतून 'घर' या अर्थाचा शब्द व्हावा. डार्मस्टाट येथील 'लिंकन-झीडलुंग' हें दुसरें उदाहरण. 'झीडलुंग' म्हणजे वसाहत; नांवाचा पूर्वार्ध अमेरिकन राहिला व उत्तरार्ध जर्मन झाला. मोटारी बाळगणाऱ्या कुटुंबांसाठीं बांधलेल्या या वसाहतींत आतां मोटारींस मुद्दाम थोडी जागा ठेविली आहे. बांधणी तीच, पण राहणीची रीत उलटली.

हायडेलबर्गचें उदाहरण अधिक गुंतागुंतीचें आहे. तेथील मुख्य ठाण्याची बराक १९३७ मध्यें जर्मन सैन्यासाठीं बांधली गेली. १९४८ मध्यें तीस युद्धांत मारल्या गेलेल्या चार्ल्स कॅम्पबेल या सार्जंटाचें नांव मिळालें. याच बराकीच्या आवारांत २४ मे १९७२ रोजीं झालेल्या स्फोटांत तीन अमेरिकन सैनिक मरण पावले. आज तेथील जुन्या घोडशाळेंत एक सांस्कृतिक केंद्र आहे. शहराबाहेरील 'पॅट्रिक हेन्री व्हिलेज' या सुमारें शंभर हेक्टरांच्या वसाहतीचेंही नवें नगर करण्याचा संकल्प होता. परंतु सैन्य जातांच रिकाम्या घरांत निर्वासितांस आश्रय देण्यांत आला. निर्वासितांचें केंद्र दुसरीकडे हलवावें कीं काय, यावर २०२१ मध्यें नागरिकांचें मत घेतलें असतां स्थलांतर नामंजूर झालें. ज्यांस घर नाहीं असे परके लोक व ज्यांस घर परवडत नाहीं असे स्वकीय लोक, या दोघांचा दावा एकाच भूमीवर आला. केवळ आंखणीनें सुटणारा हा प्रश्न नव्हे.

आतां संशोधकाच्या दृष्टीनें मुख्य मुद्दा. स्थलनामावरून अनुमान करण्याची आपणां सर्वांस हौस असते. पुढील शतकांतील एखाद्या शोधकास मानहाइमांत फ्रँकलिनचें नांव आढळल्यास तो पुरुष तेथें राहिला असावा असें तो सहज म्हणेल. पण फ्रँकलिन १७९० मध्यें वारला व वसाहत त्यानंतर दीडशेंहून अधिक वर्षांनीं झाली. हायडेलबर्गांतील 'मार्क ट्वेन व्हिलेज' हें नांव तर याहून फसवें आहे. मार्क ट्वेन १८७८ मध्यें हायडेलबर्गास खरोखरच येऊन राहिला होता. तरीही या वसाहतीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, कारण ती त्याच्या मृत्यूनंतरची आहे. अर्धें सत्य अनुमानास जितकें बळ देतें तितकें संपूर्ण असत्यही देत नाहीं. उलट बर्लिनांतील 'क्लेआले' या रस्त्यास अमेरिकन सेनापति क्ले याचें नांव १९४९ मध्यें बर्लिनकरांनीं कृतज्ञतेनें दिलें. तात्पर्य, नांव हें प्रथमतः नांव देणाराविषयींचा पुरावा आहे; ज्याचें नांव दिलें त्याविषयींचा नव्हे. हा नियम आपल्याकडील पेठा, पुरे व वाड्या यांसही तंतोतंत लागू पडतो.

दुसरा मुद्दा कागदांचा. अशा वसाहतीचा दस्तऐवज एके ठिकाणीं सांपडत नाहीं. सैन्याचें दफ्तर सैन्याबरोबर जातें. मिळकतीचे कागद संघराज्याकडे राहतात. आंखणीचे नकाशे नगराकडे असतात. आणि घरांतील रोजच्या राहणीचीं छायाचित्रें व पत्रें समुद्रापार गेलेल्या कुटुंबांकडे, किंवा तळावर चाकरी केलेल्या जर्मन माणसांकडे. यांपैकीं शेवटचा वर्गच सर्वांत लवकर नष्ट होतो, कारण त्याला कोणी दस्तऐवज समजत नाहीं. मानहाइमचें नगर-दफ्तरखानें २०१८ पासून महायुद्धांतील एका बाँबरोधक इमारतींत आहे. युद्धासाठीं बांधलेल्या भिंतींच्या आंत कागद सुरक्षित रहावे, हाही एक रूपांतराचाच प्रकार होय.

जुनी प्रत्येक इमारत राखावी असें आमचें म्हणणें नाहीं. माणसांस छप्पर हवें असतां केवळ स्मृतीसाठीं घरें ओस ठेवणें योग्य नव्हे. परंतु पाडण्यापूर्वीं मापें घ्यावीं, नकाशा उतरून ठेवावा, पाट्यांची नक्कल करावी आणि तेथें राहिलेल्या व राबलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्या, एवढें तरी व्हावें. शिंद्यांच्या तळांत सामान्य शिपायाचें बिऱ्हाड कसें होतें, हें विचारण्यास आज कोणी उरलेला नाहीं. जर्मनींतील या वसाहतींचे साक्षीदार अद्याप हयात आहेत. आपल्याकडेही जे वाडे, बराकी व चाळी आज पाडल्या जात आहेत, त्यांचेही आहेत. पोथ्यांच्या शोधांत गांवोगांव हिंडणाऱ्या आमच्या वाचकांनीं पोथी हातीं घेतल्यावर ती जेथें सांपडली त्या घराकडेही एकवार पाहावें, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.